रॅटला महिनाभर दारू पाजली, तरी एसजीपीटी वाढेना. थिसिसचं काय करू?

नवशिकी_फार्मसी

नमस्कार मंडळी. एम.फार्म. फार्माकॉलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. कॉलेज मराठवाड्यातलं, नाव राहू द्या. विषय आमच्या निम्म्या बॅचचा असतो तोच: अमुक वनस्पतीचा अर्क दारूपासून यकृताचं रक्षण करतो का. माझ्या वाट्याला शरपुंखा आली.

विस्टार रॅट, सगळे नर, दोनशे ग्रॅमच्या आसपासचे, एका गटात सहा. अल्कोहोलच्या गटाला रोज सकाळी दहाला ४० टक्के इथेनॉल गॅव्हाजने (नळीने थेट पोटात), किलोला ५ ग्रॅम या हिशेबाने, चार आठवडे. कंट्रोल गटाला तेवढंच पाणी. सिलिमारिनचा (यकृतरक्षक म्हणून तुलनेला घेतात ते औषध) एक गट आणि अर्काच्या दोन डोसांचे दोन गट. आयएईसीची (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती) परवानगी रीतसर आहे.

आता दुखणं सांगते. कंट्रोलचा एएलटी (म्हणजे एसजीपीटीच, लिव्हरचं एन्झाइम) सरासरी ४१ आणि अल्कोहोल गटाचा ४९. स्टँडर्ड डेव्हिएशन एकमेकांवर चढलेली. एएसटी (म्हणजे एसजीओटी) ११८ आणि १३९. जीजीटी ३ आणि ४. म्हणजे रोगच झालेला नाही, मग माझा अर्क बरं काय करणार? पण लिव्हर काढताना मी स्वतः बघितलंय, अल्कोहोल गटातली लिव्हरं फिकट पिवळसर होती, कंट्रोलची छान तपकिरी-लाल. डोळे एक सांगतात, कागद दुसरंच.

गाइड आधी म्हणाले रीडिंग परत घे. परत घेतलं, तेच आलं. आता म्हणतात आणखी सहा रॅट घे आणि डोस वाढव. लायब्ररीतल्या सीनियरांच्या थिसिसमध्ये मात्र अल्कोहोल दिलं की एसजीपीटी तिप्पट, अर्क दिला की खाली, अगदी सिलिमारिनच्या शेजारी येऊन बसतो. माझ्याच रॅटना काय झालंय?

इतर माहिती: रक्त शेवटच्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयातून काढलं. त्या आठवड्यात ॲनालायझर बंद होता, म्हणून सीरम तीन आठवडे उणे २० च्या फ्रीजरमध्ये होतं.

बिनसाखरेचा_चहा

चार आठवडे रोज सकाळी फुकट ४० टक्के आणि रिपोर्ट नॉर्मल! पुढच्या जन्मी तुमच्या कॉलेजात रॅट म्हणून ॲडमिशन कशी मिळेल ते सांगा.

(विनोद बाजूला. त्या कंट्रोल गटाच्या बिचाऱ्यांना नळीने नुसतं पाणीच का?)

पॅराफिनकाकू

चहावाल्यांनी गमतीत विचारलं, पण प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. त्याकडे येते.

नवशिकी, तुला तू म्हणते, चालेल ना? माझी मुलगी तुझ्याहून मोठी आहे. औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट होते, आता निवृत्त. आयुष्य रॅटची लिव्हरं बघण्यात गेलं, त्यामुळे उत्तर लांबणार.

सगळ्यात आधी: तुझे आकडे मला खरे वाटतात. संशय मला त्या लायब्ररीतल्या तिप्पटवाल्यांचा येतो.

रॅटच्या लिव्हरला नुसत्या दारूने मोठी इजा करणं मुळातच अवघड. माणूस तासाला किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅम अल्कोहोल जाळतो. रॅट ३०० च्या आसपास, आणि माऊस तर ५५० पर्यंत. तुझे ५ ग्रॅम भागिले ०.३, म्हणजे सोळा-सतरा तास. सकाळी दहाला दिलेली दारू रात्री अडीच-तीनला संपली. तिथून सकाळी दहापर्यंत प्राणी कोरडा. रोज इतके तास लिव्हरला मोकळीक मिळते, ते निस्तरून घेतं.

आता कॅलरी मोज. दोनशे ग्रॅमच्या रॅटला तू १ ग्रॅम अल्कोहोल दिलंस, म्हणजे ७ किलोकॅलरी. तो दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे पन्नास-साठ किलोकॅलरी. दारूचा वाटा फार तर बारा-तेरा टक्के. ज्या पद्धतीवर या विषयातलं निम्मं संशोधन उभं आहे, त्यात हा वाटा ३६ टक्के असतो.

त्या पद्धतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि तुझ्या थिसिसच्या प्रस्तावनेत ती असायलाच हवी. १९४९ मध्ये टोरांटोच्या चार्ल्स बेस्ट यांनी (हो, इन्सुलिनवाले बेस्ट) रॅटवरच्या प्रयोगांतून मांडलं की दारू लिव्हरला थेट विषारी नाही. ती साखरेइतक्याच रिकाम्या कॅलरी देते, लिव्हर बिघडतं ते कुपोषणाने, कोलीनसारखी द्रव्यं कमी पडल्याने. वजनदार माणूस, त्यामुळे मत टिकलं. त्यात गोम अशी की रॅटला दारूचा वास-चव आवडत नाही. पाण्यात मिसळून ठेवली की तो पाणीच कमी पितो, आणि रक्तातली पातळी म्हणावी तशी चढत नाही. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी साधा पण पक्का उपाय काढला: अन्न आणि पाणी वेगळं ठेवायचंच नाही. सगळा आहार पातळ, जीवनसत्त्वं-प्रथिनं भरपूर, आणि दारू त्यातच. भूक लागली की दारूसकट प्यावंच लागतं. शेजारच्या पिंजऱ्यातल्या कंट्रोलला रोज मोजून तेवढ्याच कॅलरी, दारूच्या जागी माल्टोज-डेक्स्ट्रिन. याला पेअर फीडिंग म्हणतात. आहार उत्तम असूनही लिव्हरमध्ये चरबी साठली आणि 'सगळं कुपोषणामुळे' हे म्हणणं ढिलं पडलं.

चहावाले, तुमचं उत्तर हे. कंट्रोलला नुसतं पाणी दिलं की दोन गटांत दारूचा फरक राहतो तसाच कॅलरीचाही राहतो. त्यातून ४० टक्के इथेनॉल रिकाम्या पोटाला झोंबतं. रॅटच्या जठरात अल्सर करायला शुद्ध इथेनॉलच वापरतात, ते मॉडेल प्रसिद्ध आहे. जठर दुखलं की प्राणी खात नाही. नवशिकी, तुझ्या अल्कोहोल गटाची वजनं कंट्रोलपेक्षा मागे पडली असणार. खाद्याची रोजची नोंद असेल तर ती थिसिसमध्ये घाल. कुणी घालत नाही, म्हणून उठून दिसेल.

आता मुद्द्याचं. इतकं करूनही, म्हणजे लीबर-डीकार्लीचा आहार कित्येक आठवडे देऊनही, रॅटमध्ये बहुतेक वेळा नुसती चरबी दिसते आणि एएलटी थोडासा हलतो. सिरॉसिस होत नाही. तो बघायला लीबरना बबून घ्यावे लागले: निम्म्या कॅलरी दारूतून, काही प्राण्यांत चार वर्षांपर्यंत, तेव्हा काहींत चरबी, दाह आणि सिरॉसिस अशा पायऱ्या दिसल्या. (त्यावरही पुढे कोलीनवरून वाद झाले, ते सोडू.) ऐंशीच्या दशकात त्सुकामोतो आणि फ्रेंच यांनी रॅटच्या जठरात कायमची नळी बसवून चोवीस तास दारू सोडली, तेव्हा कुठे पेशी मरताना दिसल्या. तिथेही आहारातली चरबी कोणती यावर खेळ: मक्याच्या तेलावर इजा जास्त, बीफच्या चरबीवर जवळपास नाहीच. आणि २०१३ मध्ये बिन गाओ यांच्या गटाने माइससाठी पद्धत छापली: दहा दिवस पातळ आहारातून दारू, मग एकदम एक मोठा डोस, किलोला ५ ग्रॅम, आणि रक्त त्यानंतर नऊ तासांनी. त्यात एएलटी-एएसटी चांगले चढतात. तू रक्त चोवीस तासांनी काढलंस. चढलं असेल तरी उतरायला वेळ मिळाला.

दुसऱ्या प्रतिसादात लिहिते, चहा उतू जातोय.

पॅराफिनकाकू

हं. एएलटी रक्तात येतो कसा, ते बघू. पेशीचं आवरण फाटलं किंवा झिरपायला लागलं की. चरबीचा थेंब भरलेली पेशी फुगलेली असते, पण फुटलेली नसते. भाड्याचं सामान कोंबलेल्या खोलीसारखी: दार बंद असेल तर बाहेरून काही कळत नाही. तुझी लिव्हरं पिवळी आणि एएलटी शांत, यात विरोधाभास काहीच नाही. चार आठवड्यांच्या रॅटचं हेच चित्र अपेक्षित आहे.

त्यात सीरम उणे २० ला ठेवलेलं. एएसटी गोठवलेल्या नमुन्यात बऱ्यापैकी टिकतो, एएलटी टिकत नाही. दोन-चार दिवसांचा प्रश्न असेल तर साध्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं बरं, जास्त ठेवायचं तर उणे ७० किंवा ८०. मधलं उणे २० हे एएलटीसाठी सगळ्यात वाईट. कंट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींचे नमुने तिथेच होते, त्यामुळे दोन्ही पडले आणि मधलं अंतरही आक्रसलं. त्याच सीरमवर पुन्हा रीडिंग घेऊन काही होणार नाही. तुझ्या गाइडना हे वाक्य दाखव.

किटचा कागदही काढून वाच. एएलटीला काम करायला बी६ चं सक्रिय रूप लागतं, पायरिडॉक्सल फॉस्फेट. काही किटमध्ये ते घातलेलं असतं, काहींत नसतं. दीर्घकाळ दारूवर असलेल्या माणसात बी६ कमी पडतं, मग एन्झाइम आहे पण निष्क्रिय, आणि किटला ते दिसत नाही. तुझे रॅट पेलेट खात होते, म्हणून हा मुद्दा तुझ्यासाठी लहान आहे. पण परीक्षक विचारू शकतात.

एएसटीवर फार भिस्त ठेवू नकोस. तो स्नायूत आहे, हृदयात आहे, लाल पेशीत आहे. हृदयातून सुई घालून काढलेलं रक्त जरा गुलाबी दिसलं तरी आकडा वर जातो. सीके (स्नायूंचं एन्झाइम) केलं असतंस तर कळलं असतं की एएसटी लिव्हरचा की सुईचा.

जीजीटी ३ आणि ४ आला, छान. निरोगी रॅटच्या सीरममध्ये तो जवळजवळ नसतोच. रॅटच्या लिव्हरमध्येच तो फार थोडा, किडनीत भरपूर. दारूने लिव्हरच्या पेशींतला जीजीटी वाढतो, हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे, पण सीरममध्ये त्याचा पत्ता फारसा लागत नाही. माणसात जीजीटी दारूची खूण म्हणून धरतात, म्हणून लोक रॅटमध्येही करतात. लायब्ररीतल्या थिसिसमध्ये कंट्रोल रॅटचा जीजीटी ४०-५० लिहिलेला दिसला तर ते पान शांतपणे बंद कर.

तसंच ते गुणोत्तर. एएसटी भागिले एएलटी दोनच्या वर, म्हणजे दारूचं लिव्हर, हा माणसाचा ठोकताळा. तुझ्या कंट्रोल गटाचंच बघ, ११८ भागिले ४१. दारूचा थेंब न पिता २.९! निरोगी रॅटचा एएसटी मुळातच एएलटीच्या दुपटीच्या पुढे असतो. तरी दर वर्षी कुणीतरी हा ठोकताळा रॅटला लावतं, आणि बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावतात.

आता कामाचं बोल. लिव्हरचे तुकडे कशात आहेत? सगळे पॅराफिनमध्ये गेले का?

तालुक्याचा_डॉक्टर

काकूंचं वाचून राहवलं नाही. मी माणसांचा डॉक्टर, एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी. आठवड्यात एक तरी पेशंट एसजीपीटीचा नॉर्मल रिपोर्ट नाचवत येतो: "बघा साहेब, काही नाही, मला सोसते." पाय सुजलेले, पोटात पाणी, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा. सिरॉसिस झालेल्या लिव्हरचा एसजीपीटी नॉर्मल असू शकतो. आमच्याकडे दारूच्या हिपॅटायटिसमध्येही एसजीओटी तीन-चारशेच्या वर सहसा जात नाही. हजारात गेला तर मी आधी कावीळ ई, पॅरासिटॉमॉल असलं काही शोधतो. म्हणून अल्ब्युमिन, प्रोथ्रोम्बिन टाइम, प्लेटलेट बघायचे. एन्झाइम म्हणजे आत्ता किती पेशी फुटतायत. लिव्हर काम किती करतंय हा हिशेब वेगळा.

एक शंका काकू: आमच्यात बायकांचं लिव्हर कमी दारूत लवकर बिघडतं. रॅटमध्ये?

पॅराफिनकाकू

रॅटमध्येही. त्याच मॉडेलमध्ये मादीला नरापेक्षा जास्त इजा होते, आणि त्यात इस्ट्रोजेनचा हात आहे असं दाखवलंय: आतड्यातून येणारं जिवाणूंचं विष लिव्हरच्या कुप्फर पेशींना (तिथल्या पहारेकरी प्रतिकार-पेशींना) चेतवतं, आणि इस्ट्रोजेनने त्या जास्त चटकन चेततात. कुप्फर पेशी गॅडोलिनियम क्लोराइडने निकामी केल्या की दारू चालू असतानाही रॅटच्या लिव्हरची इजा कमी होते. म्हणजे सगळा दोष दारूच्या रेणूचा नाही, आतडंही सामील आहे. पण नवशिकीचे सगळे नर आहेत, म्हणून गप्प होते.

गोठ्याबाहेर

पशुवैद्यकाची दोन पैशांची भर. मोठ्या जनावरात एएलटी कशालाच लागत नाही. गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्या लिव्हरमध्ये तो इतका थोडा की लिव्हर कुजलं तरी आकडा हलायचा नाही. हलला तर स्नायू बघायचे. आम्ही जीएलडीएच, एसडीएच (ही लिव्हरची दुसरी एन्झाइम), जीजीटी बघतो, आणि एएसटी केला तर सीकेसकट. कुत्र्या-मांजरात एएलटी उत्तम चालतो. तेव्हा 'प्राण्यांत दारूने एन्झाइम किती वाढतं' असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही, कुठला प्राणी ते आधी सांगा. ताई, तुमच्याकडे जीएलडीएचचं किट मिळालं तर करा. रॅटमध्येही तो लिव्हरचाच म्हणून विश्वासाचा आहे. अर्थात ताजं सीरम हवं.

विषय निघालाच आहे तर: वाळूजकडचे दूधवाले मला कायम विचारतात, बिअर कंपनीचा भुसा घालतो, गाईच्या लिव्हरला दारू लागेल का. नाही लागत. जवातली साखर गरम पाण्यात उतरवून घेतल्यावर जे चोथट उरतं ते हे; यीस्ट त्यानंतर पडतं, तेही गाळलेल्या पाण्यात. दारू तयार व्हायच्या आधीच भुसा बाहेर आलेला असतो. भीती बुरशीची. ओला भुसा उन्हाळ्यात दोन दिवस पडला की हिरवा-काळा होतो, आणि त्या बुरशीच्या विषाने लिव्हर खरंच बिघडतं.

नवशिकी_फार्मसी

काकू, सकाळपासून तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले, एकदा मोठ्याने मैत्रिणीला. वजनं तपासली. तुम्ही म्हणालात तसंच: अल्कोहोल गट दुसऱ्या आठवड्यापासून मागे पडत गेलाय. खाद्याची नोंद पिंजऱ्यानुसार आहे, रॅटनुसार नाही.

तुकड्यांचं: प्रत्येक लिव्हरचा एक तुकडा पॅराफिन ब्लॉक झालाय, एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइड आल्यात. त्यात पोकळ गोल दिसतात, मधल्या शिरेच्या बाजूने जास्त. लॅबवाल्याने रिपोर्टमध्ये 'आर्टिफॅक्ट?' असं प्रश्नचिन्ह टाकून दिलंय. एकेक तुकडा अजून फॉर्मलिनमध्येच आहे, आणि होमोजिनेटसाठीचा उणे ८० ला. त्यातून ग्लुटाथायोन आणि एमडीए (ऑक्सिडेशनच्या इजेच्या चाचण्या) करायचं आहे.

आणखी सहा रॅटचं काय सांगू गाइडना?

पॅराफिनकाकू

उणे ८० ला लिव्हर आणि उणे २० ला सीरम! कुणाचा निर्णय ते विचारत नाही.

मधल्या शिरेभोवती पोकळ गोल, हे ऐकून बरं वाटलं. दारू जाळणारं एन्झाइम सीवायपी२ई१ तिथल्याच पेशींत जास्त असतं, दारू चालू राहिली की आणखी वाढतं, आणि ऑक्सिजन तिथे पोचेपर्यंत कमी झालेला असतो. चरबी तिथून सुरू होणं अगदी शास्त्राप्रमाणे. पोकळ दिसतात कारण पॅराफिनच्या वाटेवर झायलीन आणि अल्कोहोलने चरबी धुऊन नेली, जागा तेवढी राहिली. ग्लायकोजेन आणि पाणीही अशीच जागा करतात, पण त्यांच्या कडा फाटक्या-अस्पष्ट असतात. चरबीचा गोल कंपासने काढल्यासारखा, केंद्रक एका बाजूला ढकललेलं. उद्या स्लाइड घेऊन मोठ्या लेन्सखाली नीट बघ, आणि लॅबवाल्याचं प्रश्नचिन्ह तूच खोडायचं की ठेवायचं ते ठरव.

फॉर्मलिनमधला तुकडा पॅराफिनला देऊ नकोस. तेच तुझं सोनं. फॉर्मलिनमध्ये चरबी जात नाही. तुकडा ३० टक्के साखरेच्या पाण्यात, म्हणजे सुक्रोजमध्ये, बुडून तळाला जाईपर्यंत ठेव. खूप चरबीचा तुकडा तरंगतच राहतो, तो तरंगला तर वहीत लिहून ठेव, तेही निरीक्षणच. मग क्रायोस्टॅटवर (गोठवून काप काढायचं यंत्र) आठ-दहा मायक्रॉनचे काप आणि ऑइल रेड ओ, म्हणजे चरबीला लाल करणारा रंग. तुमच्या कॉलेजात क्रायोस्टॅट नसणार, जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत असतो. गाइडचं पत्र घेऊन जा. उणे ८० च्या तुकड्यातून ट्रायग्लिसराइड मोज. त्याचं किट तुमच्या ॲनालायझरवरच चालेल, फक्त आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने चरबी वेगळी करून घ्यायची. ग्रॅम लिव्हरमागे मिलिग्रॅम असा आकडा आला की तुझ्या अर्काने काही केलं की नाही ते एएलटीपेक्षा स्वच्छ कळेल. केलं नसेल तर तसं लिही. शरपुंखेला वाईट वाटणार नाही.

आणि गाइडना सांग, नवे सहा रॅट म्हणजे आयएईसीकडे नवा अर्ज, आणि कमिटी पहिला प्रश्न विचारेल की हातात असलेल्या प्राण्यांतून जे कळू शकतं ते काढून झालं का. डोस वाढवून काय होईल तेही सांग: दोनशे ग्रॅमच्या रॅटच्या पोटात आत्ताच तू तीन मिलीवर चाळीस टक्क्यांचं पाणी घालतेयस, किलोला जवळपास १६ मिली. गॅव्हाजला १० मिलीच्या आत राहावं म्हणतात. वाढवलंस तर लिव्हरच्या आधी रॅट जातील.

नवशिकी_फार्मसी

मेडिकल कॉलेजात ओळख निघाली, पुढच्या आठवड्यात क्रायोस्टॅट मिळतोय. गाइड आयएईसीचं नाव काढताच म्हणाले, "बघू, आधी ते चरबीचं कर." ऑइल रेड ओ आमच्याकडे पावडर आहे. कसं बनवू?

पॅराफिनकाकू

आयसोप्रोपॅनॉलमध्ये ०.५ टक्के साठवण बनव, रात्रभर ठेव. वापरायच्या वेळी साठवणीचे तीन भाग, पाण्याचे दोन, दहा मिनिटं थांबून गाळून घे. न गाळता वापरलंस तर कापावर लाल कण पडतात आणि तेच चरबी म्हणून मोजले जातात. केंद्रकासाठी हिमॅटॉक्सिलिन अगदी थोडा वेळ. आणि काप झाकायला डीपीएक्स अजिबात लावू नकोस, त्यात झायलीन असतं. ग्लिसरीन जेली लाव. फोटो त्याच दिवशी काढ, कंट्रोल आणि अल्कोहोल एकाच प्रकाशात, आणि मोजताना स्लाइडवरचा गट कुणालातरी चिकटपट्टीने झाकायला सांग.

गोठ्याबाहेर

ती चिकटपट्टी गाइडना लावायला देऊ नका.